ज्याला घर नव्हते, त्याचे घर
(रेव्हरंड नारायण वामन टिळक)

कॉलेजला येताना माझी बस रोज शरणपूर रोडवरून जाते. कंडक्टर शरणपूर, शरणपूर असे ओरडतो, लोक चढतात, उतरतात. पहिले वर्ष सबंध मी हे नाव ऐकले. पण त्याचा अर्थ काय असेल असा विचार एकदाही मनात आला नाही. तो विचार यंदा आला, आणि ज्या माणसाविषयी मी या लेखात लिहिणार आहे त्याच्यामुळे आला.

शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नाशिकच्या वेशीबाहेर इंग्रज मिशनऱ्यांनी ही वसाहत वसवली. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांनासुद्धा येथे आसरा मिळाला होता. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट नावाचा तरुण पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे शव घेऊन इंग्लंडपर्यंत गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीला हजर राहिला. कोठली आफ्रिका, कोठले नाशिक आणि कोठले लंडन!

याच सुमारास आणखी एक निराश्रित मुलगा नाशिकला आला. तो शरणपूरला गेला नाही. तो ब्राह्मणाचा मुलगा होता आणि गोदावरीकाठच्या जुन्या नाशकात विद्या मिळते असे ऐकून आला होता. पुढे तोच रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झाला. फुलामुलांचा कवी म्हणून शाळेच्या पुस्तकातून आपण त्यांना ओळखतो. मला मात्र त्यांच्या कवितेपेक्षा त्यांच्या घराविषयी लिहायचे आहे. कारण ज्याला लहानपणी घर नव्हते, त्याने मोठेपणी आपल्या घराचे दार कोणासाठी कसे उघडले, ही गोष्ट मला त्यांच्या चरित्रात सर्वांत मोठी वाटते. आणि त्याच घराने एका बाईला किती दुःख दिले, हेही मला टाळता येत नाही.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव कडक स्वभावाचे होते. आई जानकीबाई भाविक आणि कवितेची आवड असलेली. मुलाला कवितेचा ओढा लागला तो तिच्याकडून. पण अकरा-बारा वर्षांचे असतानाच नारायणरावांची आई गेली. ज्याची आई गेली आणि ज्याचे वडिलांशी जमत नाही, अशा मुलाला घर म्हणून काय उरते? नारायणराव घर सोडून निघाले आणि नाशिकला पोहोचले.

येथे त्यांना गणेशशास्त्री लेले यांच्यासारखा गुरू भेटला. त्यांच्याजवळ नारायणरावांनी संस्कृत काव्याचा अभ्यास केला. त्या काळच्या नाशकात गरीब विद्यार्थ्याला विद्या मिळे आणि कोणाच्या ना कोणाच्या दारात पोटाला अन्नही मिळे. पुढे दोन वर्षे ते इंग्रजी शाळेतही गेले. पण कुटुंबाची जबाबदारी अंगावर येताच शाळा सुटली आणि मास्तरकी सुरू झाली. म्हणजे या मोठ्या कवीचे शालेय शिक्षण तसे अपुरेच. जे काही मिळाले ते नाशिकने दिले आणि उरलेले त्यांनी स्वतः मिळवले.

दुसऱ्याच्या घरी राहून शिकणे म्हणजे काय, हे मला थोडेसे कळते. मी दिंडोरी तालुक्यातल्या एका खेड्यातून आले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. येथे मी आत्याकडे राहते. आत्या जीव लावते, तरी तिसरी भाकरी मागताना हात अडखळतो, आणि रात्री उशिरापर्यंत दिवा जाळताना विजेचे बिल आठवते. कोणी काही बोलत नाही. आपलेच मन बोलते. अशा घरी राहिलेला माणूस पुढे दोनच प्रकारचा होऊ शकतो असे मला वाटते. एक तर तो ते दिवस विसरून जातो आणि आपले दार लावून घेतो. नाही तर त्याला दारात उभे असलेले प्रत्येक पोर आपल्यासारखेच दिसू लागते. टिळक दुसऱ्या प्रकारचे झाले.

अठराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही मुलगी. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवले. माहेरी सोवळ्याओवळ्याचे वातावरण इतके कडक की बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घेत. शाळा तिने पाहिली नव्हती. पुढे याच लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिले आणि ते १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. टिळकांचे घर आज आपल्याला दिसते ते मुख्यतः त्यांच्या लेखणीतून. नवऱ्याचा मोठेपणा आणि नवऱ्याचे दोष ही दोन्ही त्यांनी सारख्याच मोकळेपणाने सांगितली. हसत हसत सांगितली.

टिळकांचा संसार म्हणजे वाऱ्यावरची वरात होती. एक नोकरी धरावी, सोडावी, दुसऱ्या गावी जावे, बायकोला माहेरी किंवा नातेवाइकांकडे ठेवावे, असा क्रम. हातात पैसा टिकत नसे. समोर गरजू दिसला की तो त्याच्याकडे जाई. पाहुणा न सांगता घरी येई, आणि चूल पेटवायची ती लक्ष्मीबाईंनी. त्यांची पहिली अपत्ये हाती लागली नाहीत. १८९१ साली दत्तू म्हणजे देवदत्त जन्मला, तो जगला. याच सुमारास नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळक संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम करीत होते आणि ‘ऋषि’ नावाचे मासिक चालवीत होते. जातिभेद त्यांना पटेनासा झाला होता. देशाला एकत्र बांधील असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता.

पुढे राजनांदगावला नोकरीसाठी जाताना आगगाडीत त्यांना एक परदेशी मिशनरी भेटला. त्याने त्यांच्याशी प्रेमाने बोलणे केले आणि बायबल वाचायला दिले. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने टिळकांना गुंतवले. त्यांनी वाचले, पत्रव्यवहार केला, मनाशी झगडले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

येथे मला थांबावेसे वाटते. टिळकांना आपला धर्म निवडण्याचा हक्क होता यात शंका नाही. त्यासाठी त्यांनी जात गमावली, नातेवाईक गमावले. पण जलालपूरच्या त्या बाईचे काय? ती तेव्हा सत्तावीस वर्षांचीही नव्हती. कडेवर तीन-चार वर्षांचा मुलगा. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. त्या काळच्या ब्राह्मण समाजात अशा बाईची ना सवाशिणीत गणना, ना विधवेत. लक्ष्मीबाईंचे चित्त त्या धक्क्याने ढासळण्याच्या बेतास आले होते. पुढची चार-पाच वर्षे त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने काढली. त्यातली काही पंढरपुरात. जगाच्या दुःखाने कळवळणाऱ्या माणसाने आपल्या घरच्या माणसाचे दुःख आधी का मोजले नाही, असा प्रश्न मला पडला. वर्गात मी तो विचारलाही. त्याचे सरळ उत्तर मला अजून मिळालेले नाही.

एवढे मात्र दिसते की टिळकांनी दुसरे लग्न केले नाही आणि बायको-मुलाची आशा सोडली नाही. आता ते अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते, तेथील धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवीत होते. पत्रे जात-येत. शेवटी एकोणिसावे शतक संपता संपता लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नवऱ्याजवळ आल्या. पण आपला धर्म सांभाळून. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. एका छपराखाली दोन धर्म नांदू लागले. मला या प्रसंगात टिळकांचा खरा मोठेपणा दिसतो. त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. ती वाट पाहू शकते, तर आपणही पाहू शकतो, असे जणू त्यांनी ठरवले. लक्ष्मीबाईंच्या मनातली जात हळूहळू, त्यांच्याच विचाराने गळून पडली, आणि १९०० साली त्यांनी स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला.

त्याच वेळी १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ पडला होता. नगर जिल्ह्यात माणसे आणि जनावरे अन्नपाण्यावाचून मरत होती, आणि पोरकी मुले मिशनच्या आसऱ्याला येत होती. राहुरीला टिळक पती-पत्नींनी अशी मुले सांभाळली. एके काळी मीठ धुऊन घेणाऱ्या घरातली मुलगी आता कोणाकोणाच्या जातीच्या पोरांना न्हाऊ-माखू घालीत होती. टिळकांनी बोलावे आणि लक्ष्मीबाईंनी करावे, असे या घराचे बरेच दिवस चालले होते. आता दोघेही करू लागली. १९०४ साली टिळकांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड झाले.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते.

१९०७ साली जळगावला महाराष्ट्रातील कवींचे संमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. तेथे खानदेशातल्या धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कविता म्हणण्यास उभा राहिला. मोठमोठे कवी चकित झाले. अध्यक्षांनी त्याला बालकवी ही पदवी दिली, आणि तेव्हापासून महाराष्ट्र त्याला त्याच नावाने ओळखतो. श्रावणावरची त्यांची कविता पाठ नसलेला विद्यार्थी महाराष्ट्रात सापडणे कठीण.

पदवी मिळाली, टाळ्या मिळाल्या. पण टाळ्यांवर कोणाचे पोट भरत नाही. मुलाचे शिक्षण अर्धवट, घरची स्थिती बेताची, स्वभाव हळवा. संमेलन संपले की पाहुणे आपापल्या गाडीला लागतात आणि पोरगा होता तेथेच राहतो, हे आपण आजही पाहतो. त्या संमेलनात टिळकही होते. त्यांनी त्या मुलाचे केवळ कौतुक केले नाही. त्याला नगरला आपल्या घरी नेले.

पंचेचाळिशी उलटलेल्या टिळकांना त्या वेळी काय आठवले असेल? त्यांनी लिहून ठेवले असो वा नसो, मला तरी नाशिकच्या वाटेने चालत आलेला तो आईवेगळा नारायणच दिसतो. त्याला कोणी तरी विचारले होते, जेवू घातले होते, शिकवले होते. ते ऋण गणेशशास्त्र्यांना परत करता येण्यासारखे नव्हते. अशी ऋणे ज्याची त्याला फिटत नाहीत. ती पुढच्याला द्यायची असतात.

ही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हती. टिळक ख्रिस्ती, मिशनरी; मुलगा ब्राह्मणाचा. त्या काळात अशा घरी मुलगा राहिला की लोक एकच अर्थ काढीत: आता हा बाटणार. ज्या टिळकांनी स्वतःच्या धर्मांतराने एवढे वादळ पाहिले होते, त्यांना हे ठाऊक नसेल असे कसे म्हणावे? तरीही त्यांनी त्याला ठेवून घेतले. आणि ठोंबरे त्यांच्या घरी राहिला तो हिंदू म्हणूनच राहिला. अखेरपर्यंत हिंदूच होता. टिळकांना आपला धर्म प्राणापेक्षा प्रिय होता, पण उपाशी मुलाच्या ताटात भाकरीबरोबर त्यांनी तो वाढला नाही. मिशनरी म्हटले की आपल्याकडे जी शंका मनात येते, तिला हे एक घर मोठे उत्तर आहे असे मला वाटते.

लक्ष्मीबाईंनी तर त्याला मुलगाच मानले. दत्तू आणि ठोंबरे यांच्यात जेमतेम एका वर्षाचे अंतर. एकाला दोन झाले. ‘स्मृतिचित्रे’ मध्ये ठोंबऱ्यांविषयी वाचताना आपण एका थोर कवीविषयी वाचतो आहोत हे विसरायला होते; घरातल्या एका लाडक्या, हट्टी, मनस्वी पोराविषयी वाचतो आहोत असे वाटते. आई जसे मुलाचे खाणेपिणे, रुसवेफुगवे लक्षात ठेवते, तसे त्या बाईने ठेवले. टिळकांनी त्याला काव्याचे वातावरण दिले असेल, पण त्या वातावरणाला ऊब दिली ती लक्ष्मीबाईंच्या चुलीने. टिळकांच्या औदार्याविषयी लिहिताना हे विसरले तर लेख खोटा ठरेल. पुरुष दार उघडतो, पण आलेल्याला घर वाटते ते बाईमुळे. माझ्या आत्याकडे पाहून मी हे लिहिते आहे.

आसरा दिला म्हणून दुःख टळते असे मात्र नाही. बालकवींच्या पुढच्या आयुष्यात पैशाची ओढाताण होती, घरातली भांडणे होती, मनाला वेळोवेळी ग्रासणारी उदासी होती. निसर्गात रमणारा हा कवी काही कवितांत इतका खिन्न का होतो, याचे कारण त्याच्या जगण्यात सापडते. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्टेशनात रेल्वेचे रूळ ओलांडताना गाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस. टिळक पती-पत्नींच्या घरी वावरलेले ते पोर असे गेले.

टिळक तेव्हा थकले होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली होती. पगारी धर्मसेवेपेक्षा फकिरी बरी, असा त्यांचा निश्चय झाला होता. साताऱ्यास त्यांनी देवाचा दरबार स्थापन केला. ख्रिस्ताचे भक्त व्हायला आपली भाषा, आपले अभंग, आपली कीर्तने, आपला देश सोडावा लागत नाही, हे त्यांना दाखवायचे होते. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. नगरच्या घराचेच दार त्यांनी आता जरा जास्त रुंद केले, असे मी म्हणेन. पण हे काम वाढायला त्यांना वेळ मिळाला नाही. बालकवी गेल्यावर एक वर्ष आणि चार दिवसांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी सुरू केले होते, ते अपुरेच राहिले. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी, ज्यांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई नाशिकमध्येच वारल्या. ज्या गावात पोरका नारायण आला होता आणि ज्याच्या शेजारच्या जलालपुरात मनकर्णिका जन्मली होती, तेथेच ही कथा येऊन संपली.

टिळकांच्या ‘केवढे हे क्रौर्य!’ या कवितेत बाणाने घायाळ झालेली पक्षीण कशीबशी आपल्या पिलांपर्यंत पोहोचते. मी ती शाळेत पाठ केली होती, मार्कांसाठी. आता ती पुन्हा वाचली तेव्हा अकराव्या-बाराव्या वर्षी आई गमावलेला मुलगा आठवला आणि पुढच्या ओळी वाचवेनात.

टिळक देव नव्हते. आपल्या घरावर त्यांनी केलेला घाव भरायला पाच वर्षे लागली, आणि तो भरला तो लक्ष्मीबाईंच्या धीराने. पण त्या चुकीतून ते काही शिकले असावेत असे मला वाटते. कोणाला आपले म्हणताना त्याच्याकडून काही काढून घ्यायचे नाही, हे त्यांना बायकोने शिकवले. आणि ते शिकल्यामुळेच ठोंबरे त्यांच्या घरी निर्धास्त राहू शकला. मदत करणारे पुष्कळ असतात. मदत करून समोरच्याला तसाच राहू देणारे थोडे.

आत्याला मी हे सारे सांगितले. ती पोळ्या लाटीत होती. तिने ऐकून घेतले आणि विचारले, त्या ठोंबऱ्याने नंतर कोणाला सांभाळले का? मला उत्तर देता आले नाही. त्याला आयुष्यच केवढे मिळाले! मग तिने माझ्या ताटात न मागता तिसरी पोळी वाढली आणि म्हणाली की तुला तर मिळेल ना. बस शरणपूरवरून जाते तेव्हा आता मला तिचा तो प्रश्न आठवतो.